सतरा घरांचं पाणी

मोहखेडच्या नगरपंचायतीत मी सभा लिपिक आहे. सभेत सतरा नगरसेवक एकाच वेळी जे बोलतात, त्यातलं लिहिण्याजोगं वेचायचं आणि उरलेल्याला ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणायचं, हे माझं काम. नाव शेखर. अकरा नंबर वॉर्डाच्या वच्छलाबाई अवचार यांच्या नावापुढं मला अडीच वर्षांत ‘हजर’ यापलीकडं काही लिहावं लागलं नव्हतं.

त्यांचा वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला, तेव्हा त्यांच्या मुलानं, राजकुमारनं, आईला उभं केलं. पोस्टरवर हात जोडलेला राजकुमार मोठा आणि कोपऱ्यात वच्छलाबाई. निवडून आल्या त्या; नगरसेवक झाला राजकुमार. मी कागद घेऊन घरी जायचो, राजकुमार बोट ठेवायचा, वच्छलाबाई, म्हणजे आमच्या मावशी, सही करायच्या. सही मात्र वळणदार. सातवी पास होत्या त्या, आणि त्यांच्या काळातली सातवी.

त्या वर्षी पाऊस पोळ्यालाच निरोप घेऊन गेला. मार्चमध्ये गावतलावात पोरांनी क्रिकेटची टुर्नामेंट भरवली. नळ आठ दिवसांआड यायचा तो चौदा दिवसांआड आला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअर मारली की पाणी लागतं, पण ते समुद्राच्या नात्यातलं. तोंडात घेतलं की डोळे मिचमिचतात. ज्यांना जमतं ते आरओचे कॅन घेतात, बाकीचे टँकरच्या मागं धावतात. गावातले पाच टँकर राजकुमारचे. कागदोपत्री ते त्याच्या मेव्हण्याचे, पण मेव्हणा पुण्यात असतो आणि त्याला टँकरचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हेही ठाऊक नाही.

अशात नगराध्यक्ष जयमालाताई उमाळे यांनी प्रस्ताव आणला. शेगाव रस्त्यावर आमचं सांडपाण्याचं केंद्र आहे. गावाच्या नाल्या तिथं जातात, पाणी साफ होऊन झाडांना सोडलं जातं. तेच पाणी आणखी गाळून, शुद्ध करून, पिण्याच्या टाकीत सोडायचं. यंत्र बसलं होतं, दोन महिने चाचणी चालू होती, फक्त सभेचा ठराव हवा होता.

विरोधी गटाचे पुढारी किसनराव मानकर. दहा वर्षं सरपंच होते, गाव नगरपंचायत झालं तेव्हापासून विरोधात. बोलायला उभे राहिले की चहावाला गॅस बंद करून ऐकतो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारात सभा घेतली.

“जे पाणी तुमी सकाळी मोरीत सोडलं, तेच संध्याकाळी हंड्यात घ्यायचं! काऊन? आपण काय बेडकं हावो?”

घोषणाही त्यांचीच. ‘नाल्याचं पाणी नाल्यात, नाही आमच्या प्याल्यात!’ तीन दिवसांत ती शाळेतली पोरं रिंगण धरून म्हणायला लागली.

मतांची मोजदाद झाली. आठ जयमालाताईंकडं, आठ किसनरावांकडं. उरल्या वच्छलाबाई. म्हणजे राजकुमार. आणि राजकुमारचं मत काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तरीही दोन्ही बाजूंनी मावशींच्या घरच्या चकरा मारल्या. किसनराव येऊन गेले, पाया पडले, “वहिनी, गावाची अब्रू तुमच्या हातात हाये” म्हणाले. जयमालाताई आल्या, त्याही पाया पडल्या. मी विषयपत्रिका द्यायला गेलो तेव्हा त्या नुकत्याच उठून गेल्या होत्या. मावशी ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या.

राजकुमार म्हणाला, “शेखरभाऊ, विरोधात हात वर करायचा हाये, मायले सांगून ठेवलं. तुमी फक्त नाव नीट लिहा.”

“अडीच वर्षांत कोनी माह्या पाया पडलं नव्हतं,” मावशी सुपाकडं बघतच म्हणाल्या. “आन् आता दोन दिवसांत दोघं. शेखर, ते पाणी तू पाह्यलं काय रे?”

“नाही मावशी.”

“मंग तुमच्या सभेत पाह्यलं कोनी?”

मी आठवून बघितलं. उद्घाटनाला सगळे गेले होते, पण तेव्हा यंत्र चालू नव्हतं, फीत होती.

“मले दाखव,” त्या म्हणाल्या.

राजकुमार हसला. “माय, तुले काय समजते त्यातलं?”

“नाई समजलं तं वापस येईन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी राजकुमार खामगावला गेला होता. मी माझ्या स्कूटीवर मावशींना मागं बसवलं आणि केंद्रावर नेलं. त्यांनी डोक्यावर पदर, पदरावर ओला रुमाल, आणि हातात पितळी तांब्या घेतला होता. तांब्या कशाला, असं मी विचारलं नाही.

केंद्र सांभाळणारा प्रसेनजित वाकोडे आमच्याच गावातला. भीमनगरचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून परत आलेला, तिशीचा. आम्ही पोचलो तेव्हा तो एका टाकीवर वाकून काचेच्या नळीत पाणी भरत होता. नगरसेवक आल्याचं पाहून गडबडला, मग खूश झाला. बहुतेक त्याला ऐकून घेणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

त्यानं सगळं दाखवलं. पहिल्या हौदात नाल्याचं पाणी काळं, वास असा की मी रुमाल शोधला. मावशींनी नाही. त्या कठड्याला धरून वाकून बघत राहिल्या. मग दुसरा हौद, तिसरा, वाळू, कोळसा, आणि शेवटी लांब पांढऱ्या नळ्यांची रांग.

“यातून मीठबी पार नाई होत, मावशी,” प्रसेनजित म्हणाला. “जंतू तं लय मोठे झाले त्याच्यापुढं. त्यावरूनबी हा अतिनील दिवा. नळ्यांतून एखादा वाचलाच, तं याच्या उजेडात मरते.”

“आन् दिवा गेला तं?”

प्रसेनजितनं मान वर करून पाहिलं. “हा प्रश्न आतापर्यंत कोनीच नाई विचारला. दिवा गेला तं पाणी थांबवायचं.”

“कोन थांबवते?”

“मी.”

“तू हे पाणी पेतं काय?”

“रोज. पण घरी नेतो म्हटलं तं माय नेऊ देत नाई.”

“काऊन?”

तो हसला, पण पूर्ण नाही. “माय म्हणते, पिढ्यानपिढ्या लोकायनं आपल्या हातचं पाणी नाई घेतलं. आता नाल्याचं पाणी, आन् तेबी तुह्या हातचं! कोन पीन रे बाबू?”

मावशींच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर कोण कुठल्या बाजूनं उभं राहायचं, ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असणार. त्यांनी तांब्या पुढं केला. प्रसेनजितनं तो विसळून शेवटच्या नळाखाली भरला. पाणी काचेसारखं होतं. मावशींनी तांब्या ओठापर्यंत नेला. तिथंच तो थांबला. पहिला काळा हौद त्यांच्या नजरेसमोर आला असावा, कारण त्यांची नजर तिकडंच गेली. त्यांनी तांब्या खाली घेतला.

“नाई पेवत, बाबू. मन नाई घेऊन राह्यलं. तुह्या हातामुळं नाई बरं.”

“मले माहीत नाई, मावशी,” प्रसेनजित शांतपणे म्हणाला. “पण तुमी म्हणता तं मानतो.”

परत येऊन घराशी उतरताना मावशी एवढंच म्हणाल्या, “पोट्टं खरं बोलते.”

सभेच्या दिवशी दालन खचाखच भरलं होतं. एरवी प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर मांजर झोपलेलं असतं. त्या दिवशी खिडक्यांतही लोक होते. राजकुमार पहिल्या रांगेत, आईला दिसेल असा.

जयमालाताई चांगल्या बोलल्या. तपासणीचे अहवाल दाखवले, कुठल्या कुठल्या देशात असं पाणी पितात ते सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, “मंग तिकडंच पाठवा!” किसनराव त्याहून चांगले बोलले. त्यांनी देवाच्या अभिषेकाचा मुद्दा काढला, पाहुण्यांचा काढला, आणि शेवटी म्हणाले, “उद्या आपल्या पोरीले सोयरीक नाई येणार. म्हणतील, त्या नाल्याच्या पाण्याच्या गावची हाये.” टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर तो मुद्दा मलाही पटल्यासारखा वाटला. माझी पोरगी अजून बालवाडीत आहे.

मुख्याधिकारी साहेब म्हणाले, “प्रस्तावाच्या बाजूने हात वर करा.” आठ हात. “विरोधात?” आठ. राजकुमारनं खुर्चीतून हनुवटी उचलून आईला खूण केली.

वच्छलाबाई हात वर करायच्याऐवजी उभ्या राहिल्या.

मला पेनाचं टोपण काढायलाही सुचलं नाही.

“मी गेलती तिथं,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, त्यामुळं सगळं दालन पुढं वाकलं. “पाणी साफ हाये. काचेवाणी हाये. पण मले पेवलं नाई. खोटं काऊन बोलू? आता मले पेवलं नाई, आन् गावाले पाजा म्हणून हात वर करू काय? बरं, नको म्हणून हात वर केला, तं गावाले मंग काय पाजू?”

“माय, बस खाली,” राजकुमार दबक्या आवाजात म्हणाला.

“किसनराव माह्या घरी आले. जयमाला आली. दोघायनं गावाच्या पाण्याची लय चिंता केली. आन् दोघायच्याबी हातात बाटली होती, विकतची. माह्या घरचं पाणी कोनीच नाई प्यालं.”

दालनात हसू फुटलं. जयमालाताईंनी समोरची बाटली हळूच फाइलीमागं सरकवली.

“म्हणून माह्यं म्हणणं असं हाये. एक महिना हे पाणी सतरा घरी येऊ द्या. आपल्या. रोज. कॅन बंद, बाटली बंद. महिन्यानं आपण सतराबी आपल्या पायावर उभे असलो, तं गावाले देऊ. नाईतं नाई.”

त्या बसल्या. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग एकदम सगळं झालं. खिडकीतले लोक टेबल वाजवल्यासारखी खिडकी वाजवायला लागले. सत्ताधारी गटातले एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले की आमचा पाठिंबा तत्त्वतः आहे, वैयक्तिक घरापर्यंत आणायची गरज नाही. त्यांना खिडकीतूनच खाली बसवण्यात आलं. जयमालाताईंनी मुख्याधिकाऱ्यांच्या कानात विचारलं, नियमात बसतं का? साहेब म्हणाले, नियमात याच्या विरोधात काही सापडत नाही, कारण असं काही कुणाला सुचलंच नव्हतं.

जयमालाताई कोंडीत सापडल्या होत्या. पाणी चांगलं म्हणायचं आणि स्वतः नको म्हणायचं, हे चालणारं नव्हतं. त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागं त्यांचे सात, कुणी लवकर, कुणी खांदा दुखत असल्यासारखा. मावशींचा धरून नऊ.

किसनराव हुशार माणूस. हरलेली बाजी ओळखून हसत उठले. “येऊ द्या टँकर. माह्या म्हशी धुवाले कामी येईन.”

मी लिहिलं : ‘सविस्तर चर्चा झाली.’ मग ते खोडून वच्छलाबाईंचं बोलणं शब्दाला शब्द लिहून काढलं. दीड पान झालं.

नगरपंचायतीचा एक छोटा निळा टँकर आहे. तो कचरू चालवतो. दुसऱ्या सोमवारपासून तो टँकर रोज सकाळी सतरा दारांपुढं थांबायला लागला. प्रसेनजित पुढं बसायचा, प्रत्येक घरी नमुना घ्यायचा, बाटलीवर घराचं नाव लिहायचा.

मावशींच्या घरी पहिल्या दिवशी काय झालं, ते मला त्यांच्या सुनेनं, अश्विनीनं सांगितलं. राजकुमार अंगणातच बोलला, “माय, माह्याच पोटावर पाय ठेवला तुनं.”

“तुह्या पोटात तं कॅनचं पाणी हाये, बाबू. तुह्या टँकरचं तूबी नाई पेत.”

राजकुमार गाडी काढून गेला. मावशींनी पेला भरला, देवघरापुढं बसल्या, डोळे मिटले आणि काढा घ्यावा तसं एका दमात संपवलं. मग दहा मिनिटं तशाच बसून राहिल्या, काही होतंय का ते बघत. काही झालं नाही. दुपारी अश्विनीनं त्याच पाण्यात तुरीची डाळ लावली. आमच्या खाऱ्या पाण्यात डाळ सात शिट्ट्या घेते आणि तरी दाणा दाण्याला ओळखत नाही. त्या दिवशी तिसऱ्या शिट्टीला डाळ लोण्यासारखी झाली. अश्विनी म्हणाली, “भाऊजी, पाणी नाल्याचं असो का कशाचं, मी त्या कुकरकडं पाहातच राह्यली.”

नवव्या दिवशी सकाळी टँकर आलाच नाही.

आठ वाजता प्रसेनजितचा निरोप सगळ्या सतरा जणांच्या मोबाइलवर पडला. रात्री दिवा बंद पडला होता. पाणी वाईट आहे असं नाही, पण चांगलं आहे याची खात्री नाही. नवा दिवा येईपर्यंत टँकर निघणार नाही.

गावात हलकल्लोळ. किसनरावांनी चौकात तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. जयमालाताईंनी प्रसेनजितला कार्यालयात बोलावून घेतलं. मी बाजूच्याच टेबलावर होतो.

“अरे, दिवा गेला तं गुपचूप बदलायचा! गावभर दवंडी कशाले? एका निरोपानं माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातली तू. असंच करायचं असेल तं दुसरा माणूस पाहावा लागेल.”

प्रसेनजित मान खाली घालून ऐकत होता. वर बघून एवढंच म्हणाला, “मॅडम, मी एका मावशीले शब्द देला होता.”

संध्याकाळी वच्छलाबाईंनी मला बोलावलं. त्यांना भीमनगरला जायचं होतं. इतकी वर्षं गावात राहून त्या तिकडं मतं मागायलाही गेल्या नव्हत्या. तो वॉर्ड दुसरा, असं म्हणायची सोय होती.

प्रसेनजितची आई बेबीताई दारात बसून गहू निवडत होती. आम्हाला पाहून उठली, खुर्ची आणली, मुलाला आतून हाक मारली. मुलाची नोकरी जाणार, हे तिच्या कानावर आलं होतं. तिचा चेहरा उतरलेला होता.

“म्या म्हटलंच होतं त्याले,” ती म्हणाली. “लोक वाटच पाहून राह्यले असतात, चूक कवा होते म्हणून.”

“त्यानं चूक नाई केली,” मावशी म्हणाल्या. “गुपचूप दिवा बदलला असता, आन् मले मांगून समजलं असतं, तं त्या दिवसापासून मी थेंब नसती प्याली. आता पेईन. त्याची नोकरी कशी जाते ते मी पाहातो. सभेत नववा हात माहा हाये.”

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया स्वतःबद्दल ‘पाहातो’ असंच म्हणतात, पण त्या दिवशी तो शब्द मला वेगळा ऐकू आला.

मग मावशींनी पाणी मागितलं. बेबीताईनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं, आत जाऊन गडवा भरून आणला. “बोअरचं हाये,” ती म्हणाली, “खारं लागंन.”

मावशी प्यायल्या. तोंड वाकडं झालं, कारण पाणी खरंच भयंकर खारं होतं. दोघी एकदम हसल्या. मग बेबीताई बराच वेळ बोलत राहिली, मुलाच्या शिक्षणाबद्दल, त्याच्या वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीबद्दल, आणि मी स्कूटीवर बसून डास मारत राहिलो.

दिवा अकोल्याहून तिसऱ्या दिवशी आला. टँकर पुन्हा सुरू झाला. प्रसेनजितची नोकरी शाबूत राहिली. जयमालाताईंनी त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही, आणि नववा हात कुणाचा हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तोवर गावाच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच सलायला लागलं होतं. मे उजाडला होता. नळ आता सतरा दिवसांआड. आणि सतरा दारांपुढं रोज सकाळी निळा टँकर. नगरसेवकांच्या अंगणातलं जास्वंद फुललं होतं. कुणाच्या तरी घरी स्कूटर धुतल्याची बातमी होती. आधी शेजारणी बादली घेऊन यायच्या, “धुण्यापुरतं द्या हो, पेवाले नको.” मग “भांड्यापुरतं.” मग कुणीतरी अश्विनीच्या कुकरबद्दल ऐकलं आणि डाळीपुरतं सुरू झालं. डाळीतून पाणी पोटात जातं, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्याला कुणी पिणं म्हणत नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी कार्यालयावर मोर्चा आला. दीडशे बाया, रिकाम्या घागरी, आणि पुढं नवी घोषणा :

‘सतरा घरी रोज पाणी, आमच्या घरी आणीबाणी!’

घोषणेची ठेवण ओळखीची वाटली म्हणून मी खिडकीतून वाकून बघितलं. मोर्चाच्या पुढं किसनराव होते.

जयमालाताई पायरीवर आल्या, त्यांच्यामागं वच्छलाबाई. त्या दिवशी त्या कशासाठी तरी कार्यालयात आल्या होत्या. हल्ली त्या वारंवार यायच्या आणि फायली मागून वाचायच्या.

“गावाचं पाणी गावाले भेटलं पाहिजे!” किसनराव गरजले. “नगरसेवक काय आभायातून पडले?”

“किसनराव,” मावशींनी विचारलं, “हे तेच पाणी हाये ना, नाल्याचं?”

“वहिनी, शासनाच्या तपासणीत ते शुद्ध निघालं. मी विज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हतो.”

“तुमी तं म्हशी धुणार होते.”

“धुतल्याच ना!”

“काय धुतल्या?” मोर्चातून एक आवाज आला. त्या किसनरावांच्या पत्नी होत्या, अन्नपूर्णाबाई, हातात घागर घेऊन. “पहिले दोन दिवस धुतल्या. तिसऱ्या दिवशी चहा केला, तं यायनं तीन कप मांगले. तवापासून घरात सगळे तेच पेतो. माह्या बहिणीच्या घरी नाई म्हणून मी मोर्चात आली.”

बाया घागरी वाजवून हसल्या. कचरू टँकरवरून उतरून पोट धरून बसला. मला वाटलं, किसनराव आता जागच्या जागी विरघळणार. पण तो तीस वर्षं राजकारण केलेला माणूस. तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि बायकोकडं हात करून म्हणाला, “घ्या! माह्या घरचाच पुरावा हाये. आता तं द्या गावाले पाणी!”

जयमालाताई मागाहून मला म्हणाल्या, “याले म्हणतात पुढारी. शिकून घ्या.” त्यांच्या आवाजात राग थोडा आणि कौतुक बरंच होतं.

महिना पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सभा झाली. सतराच्या सतरा जण आपल्या पायावर उभे होते. एकाला जुलाब झाले होते, पण ते नांदुऱ्याच्या लग्नातल्या बासुंदीनं, असं त्यानं स्वतःच कबूल केलं. ठराव पंधरा विरुद्ध दोन असा मंजूर झाला. वच्छलाबाईंनी त्यात दोन ओळी घालायला लावल्या. एक, रोजच्या तपासणीचे आकडे बाजारातल्या फळ्यावर लिहायचे. दोन, पाणी थांबवायचा अधिकार प्रसेनजितचा, त्याला कुणाला विचारायची गरज नाही. दुसऱ्या ओळीवर जयमालाताईंनी जरा कुरकुर केली. किसनरावांनी पाठिंबा दिला. का दिला ते त्यांनाच माहीत. बहुधा जयमालाताईंनी कुरकुर केली म्हणून.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाणी टाकीत आणि टाकीतून नळाला आलं. तीन दिवसांआड. सगळ्यांनी ते आनंदानं प्यायलं असं मी लिहिणार नाही. आमच्या गल्लीतले दोन म्हातारे अजून कॅन घेतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तुरटी फिरवून, उकळून, गाळून, परत उकळून प्यायला सुरुवात केली. बाजारातल्या फळ्यापुढं रोज सकाळी माणसं उभी राहतात आणि आकडे समजत असल्यासारखी मान हलवतात.

राजकुमारचे तीन टँकर संग्रामपूरकडच्या खेड्यांत गेले, दोन दारात उभे आहेत. तो आईशी महिनाभर कामापुरतं बोलला. मग एक दिवस जेवताना त्यानं डाळ दुसऱ्यांदा मागितली. अश्विनीनं सासूकडं बघितलं. मावशींनी पातेलं त्याच्याकडं सरकवलं. पुढच्या वेळी अश्विनीला उभं करायचं, असं तो कचरूला म्हणाल्याचं ऐकलं. अश्विनी म्हणाली, सासूबाई उभ्या राहणार नसतील तरच.

आता माझं. या सगळ्या काळात मी मावशींना घेऊन केंद्रावर गेलो, ठराव लिहिले, मोर्चा बघितला, आणि कुणी विचारलं की “पाणी एक नंबर” म्हणून सांगितलं. स्वतः एक थेंब प्यायलो नव्हतो. मी नगरसेवक नव्हतो, मला कुणी विचारलंही नव्हतं. नळाला पाणी आलं त्या सकाळी माझी बायको सारिका माठ भरून मोकळी झाली आणि पोरीला शाळेची बाटली भरून दिली. पोरगी दारातच उभी राहून गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि रिक्षात बसली.

मी माठातून पेला भरून घेतला. खिडकीशी जाऊन उजेडात धरून बघितला. सारिका कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

“पोरीले पाजून झालं,” ती म्हणाली, “आता साहेब तपासणी करून राह्यले.”

मी प्यायलो. कशाचीच चव नव्हती. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला पाण्याला चव नसण्याची सवय नसते, म्हणून मी आणखी एक पेला घेतला. मग डबा उचलला आणि कार्यालयात गेलो. अकरा वाजता सभा होती. आठवडी बाजारात बायांसाठी मुतारी नाही, हा विषय वच्छलाबाईंनी घातला होता, आणि सतरापैकी सोळा जण त्यांची वाट बघत आधीच पंख्याखाली बसून घाम पुसत होते.